पार्कलँड गोल्फ मैदान : झाडांआधी माती

श्रोतेहो, गोल्फचे पार्कलँड मैदान, म्हणजे समुद्रापासून दूर, अंतर्भागात वसलेले मैदान, म्हटले की उंच झाडांच्या रांगांमधून जाणाऱ्या हिरव्यागार फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे लांब पट्टे, डोळ्यांसमोर येतात. परंतु या मैदानाचा स्वभाव घडवते ती त्याखालची माती. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील लिंक्स मैदाने वाळूवर वसलेली आहेत. तेथे पाणी झटकन झिरपते, जमीन टणक राहते आणि पडलेला चेंडू बराच पुढे घरंगळत जातो. समुद्रापासून दूरची जमीन मात्र पुष्कळदा चिकणमातीची असते. ती ओलावा धरून ठेवते, गवत दाट वाढते आणि चेंडू पडल्या जागेच्या जवळपासच थांबतो. म्हणून लिंक्सवर जो फटका जमिनीलगत मारून चालतो, तोच येथे उंच उडवून थेट ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी आखूड हिरवळीवर, उतरवावा लागतो.

अशा जमिनीवर गवत आटोक्यात ठेवणे हेच मोठे काम होते. १८३० मध्ये इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढे या यंत्रांत सुधारणा होत गेल्या, तशी अंतर्भागातील मैदाने खेळण्याजोगी राखता येऊ लागली. निचऱ्याचा प्रश्न तरीही उरतोच. युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने १९६० मध्ये ग्रीनच्या बांधणीसाठी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत सुमारे ३० सेंटीमीटर वालुकामय थर आणि त्याखाली १० सेंटीमीटर खडीचा थर सांगितला होता. किनाऱ्यावर निसर्गाने जे आयते दिले, ते येथे हिरवळीखाली रचावे लागते.

आता झाडांकडे येऊ. जॉर्जियातील ऑगस्टा नॅशनल हे मैदान गोल्फपटू बॉबी जोन्स आणि मैदानांचे रचनाकार ॲलिस्टर मॅकेंझी यांनी एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर आखले आणि १९३३ मध्ये ते खुले झाले. तेथील प्रत्येक होलला, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून भोकापर्यंतच्या टप्प्याला, एखाद्या झाडाचे किंवा झुडपाचे नाव आहे. तरीही १२ व्या होलवर खेळाडूची खरी परीक्षा ग्रीनसमोरचा ओढा आणि फिरणारा वारा हेच घेतात. याउलट पेनसिल्व्हेनियातील ओकमाँट १९०३ मध्ये मोकळ्या शेतजमिनीवर उभे राहिले, नंतर त्यावर दाट वृक्षलागवड झाली, आणि १९९० च्या दशकापासून तेथील हजारो झाडे काढून मूळचा मोकळेपणा परत आणला गेला. हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो. ग्रीनच्या पूर्वेला दाट झाडी असेल तर सकाळचे ऊन अडते, दव उशिरापर्यंत वाळत नाही, वारा कोंडतो आणि बुरशीला वाव मिळतो. शिवाय मुळे गवताच्या वाट्याचे पाणी ओढून घेतात.

मात्र सरसकट तोड करावी असे मी म्हणत नाही. फेअरवेच्या वळणावरचे एखादे विस्तीर्ण झाड, ज्याला वळसा घालायचा की ज्याच्यावरून चेंडू न्यायचा हे खेळाडूने ठरवावे, ते जपलेच पाहिजे. दोन्ही कडांना भिंतीसारखी लावलेली एकाच जातीची रांग मात्र असा कोणताही पर्याय ठेवत नाही, आणि विरळणी करायची तर ती तिच्यापासून सुरू करावी.