डब्यामागचं लॉक

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं एक छोटं ऑफसेट प्रेस. टेबलाखाली पिवळा पडलेला सीपीयू. कॅमेरा त्याच्या पाठीमागे जातो.)

प्रिंटरची केबल जिथे लागते ना, त्या रुंद पोर्टात हा काडेपेटीएवढा तुकडा अडकवलाय. प्रेसमध्ये याला नुसतं 'लॉक' म्हणतात; तो लावलेला आहे की नाही हे सॉफ्टवेअर आधी तपासतं. हे उपसलं तर मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर चालू होत नाही, आणि ते नाही तर लग्नपत्रिका नाही, हँडबिल नाही, दहाव्या-तेराव्याचं कार्डही नाही. हे लॉक, ते सॉफ्टवेअर आणि शेजारचा पेजमेकर (पानं मांडायचा जुना प्रोग्रॅम), तिघं सुखाने नांदतात ते एकाच घरात. विंडोज एक्सपी, मायक्रोसॉफ्टची संगणक चालवणारी जुनी प्रणाली.

प्रेसवाल्या काकांना विचारलं, बदलत का नाही? ते म्हणाले, "बदलायचं म्हणजे काय काय बदलायचं, ते सांगा आधी."

या निवेदनात पुढे जे काही सांगणार आहे, ते बहुतेक या एका प्रश्नाचंच उत्तर आहे.

(दृश्य: जुन्या मॉनिटरवर एक्सपी सुरू होताना.)

एक्सपी बाजारात आली 25 ऑक्टोबर 2001 ला. आज तिच्या नावाने हळहळणाऱ्यांना आठवत नसेल, पण सुरुवातीला ती काही फार गुणी नव्हती. 2003 च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) पसरला आणि इंटरनेटला जोडलेली मशीनं साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून आपोआप बंद-चालू व्हायला लागली. 2004 मध्ये सर्व्हिस पॅक 2 हा मोठा अपडेट आला, बाहेरचे हल्ले अडवणारी फायरवॉल मुळातूनच चालू आली, तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली.

2007 च्या जानेवारीत पुढची विंडोज, व्हिस्टा, आली. एक्सपीला कागदोपत्री 64 एमबी रॅम पुरायची, व्हिस्टा किमान 512 मागत होती. त्यापेक्षा मोठा घोळ ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला जोडलेलं यंत्र ओळखून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, झाला. जुना स्कॅनर, जुना प्लॉटर, मशीनमधलं जुनं कार्ड, या सगळ्यांना व्हिस्टासाठी नवे ड्रायव्हर हवे होते. ते ज्यांनी लिहायचे त्या कंपन्यांनी जुन्या मालासाठी बऱ्याचदा लिहिलेच नाहीत. का लिहितील? त्यांना नवा स्कॅनर विकायचा होता.

2008 मध्ये 'इन्फोवर्ल्ड' या अमेरिकन प्रकाशनाने एक्सपी वाचवा म्हणून सह्यांची मोहीम काढली. दोन लाखांवर लोकांनी सह्या केल्या. मायक्रोसॉफ्टने 30 जून 2008 ला एक्सपीची सर्वसाधारण विक्री थांबवली. पण त्याच सुमारास नेटबुक नावाचे छोटे, स्वस्त लॅपटॉप आले होते आणि त्यांना व्हिस्टा झेपत नव्हती. मग त्यांच्यावर एक्सपी होम चालूच ठेवावी लागली. पुढच्या दाराने निरोप, मागच्या दाराने पुन्हा घरात.

(दृश्य: एटीएमच्या बाहेरची रांग.)

8 एप्रिल 2014. मायक्रोसॉफ्टने सांगितलं, आजपासून एक्सपीला सुरक्षेचे पॅच, म्हणजे भोकं बुजवणारे अपडेट, मिळणार नाहीत. तारीख कित्येक वर्षं आधीपासून जाहीर होती. तरी त्या दिवशी जगातल्या सुमारे पाव डेस्कटॉपवर एक्सपीच होती. ब्रिटनच्या सरकारने वर्षभराच्या खास आधारासाठी 55 लाख पौंडांहून जास्त मोजले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या नौदलाने 91 लाख डॉलरचा करार केला. नौदलाला नवे संगणक परवडत नव्हते, असं कोण म्हणेल? अडचण अशी की त्यांचे जुने प्रोग्रॅम एक्सपीवर बसवलेले होते.

आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं. देशातली कितीतरी एटीएम एक्सपीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2017 मध्ये बँकांना बजावलं. काम रेंगाळलं. शेवटी 21 जून 2018 ला एक्सपी बदलायच्या मुदती लावून दिल्या: सप्टेंबरपर्यंत पाव मशीनं, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च 2019 पर्यंत पाऊण आणि जून 2019 पर्यंत सगळी. म्हणजे पॅच बंद झाल्यावर चार वर्षांनी मुदतीचं वेळापत्रक आलं.

याला आळस म्हणणं सोपं आहे. पण एक हिशेब बघा. लेथ, सीएनसी, ऑफसेट, दवाखान्यातली स्कॅनिंगची मशीनं, ही घेताना माणूस पंधरा-वीस वर्षांचा विचार करतो, कर्ज काढतो. तिला चालवणाऱ्या संगणकातली विंडोज मात्र दहा-बारा वर्षांत म्हातारी ठरते. विंडोज बदलली तर कंट्रोलरचं कार्ड चालत नाही. कार्ड बदलायचं तर कंपनी सांगते, आता नवी मशीन घ्या.

सॉफ्टवेअरचंही तेच. गावोगावच्या पतसंस्था, किराणा-भुसार दुकानं डॉसवरच्या (विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरच्या) फॉक्सप्रोत लिहिलेल्या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर वर्षानुवर्षं चालली. 64-बिट विंडोज 16-बिटचे जुने प्रोग्रॅम चालवत नाही, बसवायलाच तयार होत नाही. ज्या मुलाने तो प्रोग्रॅम लिहून दिला तो कधीच पुण्याला निघून गेला, आणि मूळ कोड कुठल्या फ्लॉपीत होता ते त्यालाही आठवत नाही.

(दृश्य: कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. भिंतीला टांगलेल्या सीड्या.)

आता एक गोष्ट, जी कॅमेऱ्यासमोर कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ एक्सपी विकत घेतलेल्याच नव्हत्या. एकच सीडी, एकच 'की' (चालू करायचा कोड), हजारो मशीनं. फॉरमॅट मारायला येणाऱ्या पोराला ती पंचवीस अक्षरं तोंडपाठ असायची. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने अस्सल नसलेल्या एक्सपीची डेस्कटॉपची पार्श्वभूमी दर तासाला काळी करायला सुरुवात केली. त्यावर आपला उपाय ठरलेला: अपडेट बंद करून टाका. पॅच मिळत होते, त्या काळातही या मशीनांना ते मिळाले नाहीत. 2014 ची ती तारीख त्यांच्यासाठी केव्हाच येऊन गेली होती.

12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा वर्म आला. फाइली कुलूपबंद, सोडवायच्या तर बिटकॉइन द्या. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या 236 ट्रस्टांपैकी (रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांपैकी) किमान 80 ट्रस्टांच्या कामात खोळंबा झाला, रुग्णांना परत पाठवावं लागलं. आपल्याकडे आंध्र प्रदेशात पोलिसांचे संगणक अडकले. दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही पॅच सर्वांना खुला केला. तीन वर्षांपूर्वी दार लावून घेतलेल्या घराला.

सगळ्यांनी बोट एक्सपीकडे दाखवलं. नंतर तपासलं तेव्हा दिसलं की बाधित मशीनांपैकी बहुसंख्य विंडोज 7 वरची होती. तिला पॅच मार्चमध्येच मिळाला होता, कोणी टाकला नव्हता. एक्सपीची मशीनं या वर्मने बऱ्याचदा निळा पडदा दाखवून मान टाकत होती, त्यामुळे त्यांच्यातून तो फारसा पुढे गेला नाही. एक्सपी सुरक्षित होती असं यातून अजिबात काढू नका. पण म्हातारीवर खापर फोडणं सोयीचं असतं, एवढं खरं.

आता तोच खेळ नव्याने सुरू आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे 2017 च्या आधी घेतलेला, धडधाकट चालणारा संगणक कंपनीच्या यादीत बसत नाही. या वेळी सॉफ्टवेअर नाही, पेटीच अपात्र.

(दृश्य: पुन्हा प्रेस. काका खुर्चीत.)

काकांकडे असेच आणखी दोन डबे आहेत, भंगारवाल्याकडून आणलेले. पॉवर सप्लाय गेला की यातून काढायचा, रॅम गेली की त्यातून. नेटची केबल त्यांनी कधीच काढून टाकली आहे. काम पेन ड्राइव्हवरून जातं, आधी शेजारच्या नव्या मशीनवर व्हायरस तपासून.

हार्ड डिस्कवर वीस वर्षांच्या पत्रिका आहेत. "आजोबांच्या लग्नाची छापली, नातवाची छापली," असं ते सांगतात. थोडं वाढवून सांगतात. त्या फाइली दुसऱ्या मशीनवर उघडल्या तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा दिसतात. कारण जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असत. युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची जागा देणाऱ्या आजच्या पद्धतीत) बदलणारे कन्व्हर्टर आहेत. पण रफार इकडचा तिकडे जातो, जोडाक्षर फुटतं, आणि पत्रिकेत मामांच्या नावात एक चूक झाली तर पैसे बुडालेच.

तेवढ्यात गिऱ्हाईक येतं. वास्तुशांतीची पत्रिका. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, युनिकोडमध्ये, शुद्ध, नीट टाइप केलेला. पेजमेकरला तो कळत नाही.

काका मोबाइल कीबोर्डशेजारी, पेपरवेटला टेकवून उभा करतात, चष्मा पुसतात, आणि पहिल्या ओळीपासून परत टाइप करायला घेतात.