पांढरा रंग शेवटी

नमस्कार श्रोतेहो.

मी एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. आठवीच्या वर्गात पहिल्यांदा अ‍ॅक्रिलिक रंग काढले, त्या दिवशी तास संपल्यावर माझ्या टेबलावर बारा ब्रश जमा झाले. सगळे खिळ्यासारखे कडक. पोरांचा काय दोष? एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीमुळे ती जलरंगावर आणि पोस्टर कलरवर वाढलेली. तो रंग ताटलीत वाळला तरी ओला ब्रश फिरवला की परत जागा होतो. अ‍ॅक्रिलिक एकदा झोपला की झोपला.

या रंगात रंगाची पूड असते, पाणी असतं आणि अ‍ॅक्रिलिक नावाच्या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण असतात. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना बिलगतात, त्यांचा पापुद्रा धरतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणून ब्रश लगेच धुवायचा. पण तो पाण्याच्या डब्यात उभा करूनही ठेवायचा नाही, केस वाकतात. खारीच्या केसांचे ब्रश घरीच राहू द्यावेत. नायलॉनचा चपटा ब्रश या जाडसर रंगाला बरा पडतो.

आमची तासिका पस्तीस मिनिटांची, आणि पंख्याखाली ताटलीतला रंग त्याआधीच सुकायला लागतो. त्यावर आम्ही एक युक्ती करतो. पसरट प्लास्टिकच्या डब्यात ओलं फडकं अंथरायचं, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर काढायचा. खालून ओल मिळत राहते. झाकण लावलं तर तोच रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. कॅनव्हास महाग. जाड पुठ्ठ्याला पांढऱ्या प्रायमरचे दोन हात दिले की आमचं भागतं. लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठेही मी सोडत नाही. लग्नसराई संपली की शिक्षकखोलीत माझ्याकडे गठ्ठेच्या गठ्ठे येतात. रंगाचे डाग मात्र शर्टावर वाळले की निघत नाहीत, त्यामुळे वडिलांचा जुना शर्ट उलटा घालून बसायचं, बटणं पाठीवर.

दुसऱ्या दिवशी तक्रार ठरलेली: "बाई, मी एवढा गडद निळा लावलाच नव्हता!" खरंच लावलेला नसतो. ओला असताना रंगातलं माध्यम, म्हणजे पाणी आणि ते प्लास्टिकचे कण, दुधाळ दिसतं. वाळल्यावर ते पारदर्शक होतं आणि रंग थोडा गडद उतरतो. म्हणून आधी कागदाच्या पट्टीवर रंग लावून, वाळवून बघायचा.

हे सगळं मुलं महिन्याभरात शिकतात. वेळ लागतो तो क्रम बदलायला. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. पितळी तांब्यावरची चकाकी कुठे येणार, ती जागा पहिल्यापासून जपायची, फिक्याकडून गडदाकडे जायचं. ब्रश एकदा घसरला की चित्र गेलं. त्या धास्तीने मुलं तांब्याच्या कडेकडेने रंगवत राहतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये मी उलटं करायला लावते. आधी अख्खा तांब्या बर्न्ट सिएनात, म्हणजे लालसर तपकिरीत, अल्ट्रामरीन निळा मिसळून गडद तपकिरी करायचा. पितळ दिसायलाच नको. मग त्यावर यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, मग पिवळ्यात पांढरा. गडदावर फिका बसतो, कारण खालचा थर वाळून पक्का झालेला असतो. पिवळ्या ट्यूबा बऱ्याच पारदर्शक असतात, तिथे दोन हात द्यावे लागतात.

गेल्या वर्षी एका मुलीचा तांब्या एका बाजूला कलला होता. ती चित्र फाडायलाच निघाली. मी म्हटलं, "थांब गं, पार्श्वभूमीचा रंग घे आणि ती बाजू आत ढकल." तिने ढकलली. तांब्या सरळ झाला, पण उजेडात चित्र तिरकं धरलं की जुन्या पोटाचा उंचवटा दिसायचा. मला तो आवडला, तिला अजिबात नाही.

शेवटी टायटॅनियम व्हाइट. पांढऱ्याची ट्यूब तोपर्यंत माझ्या कपाटात असते, नाहीतर पोरं सगळ्याच रंगांत पांढरा कालवतात आणि चित्र पिठूळ होतं. तिला मी वाटाण्याएवढा पांढरा दिला. तिने तांब्यावर तीन ठिपके ठेवले, मागे सरकून डोळे बारीक केले. मग ऑकरचा ब्रश उचलला आणि काही न विचारता त्यातले दोन झाकून टाकले.