रिकामी केस आणि छर्र्यांचा डबा

मागच्या महिन्यात नेमबाजीच्या रेंजवर एका पोट्ट्यानं मला विचारलं, दादा, यूट्यूबवर ते अमेरिकेतले लोक गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरून राहिले, आपल्याला नागपुरात चालू करायचं असलं तर काय काय लागतं? पोरगं सतरा-अठराचं, डोळ्यात नुसती उत्सुकता, दुसरं काही नाही. मी त्याला उडवून लावलं नाही, कारण त्याच्या वयात मीही हेच विचारत फिरलो होतो आणि कोणी धड सांगितलं नव्हतं. म्हणून हा व्हिडिओ.

आता स्क्रीनवर जे चित्र दिसतंय ते उभं कापलेलं काडतूस आहे. यात चार गोष्टी. बाहेरची पितळी नळी, तिला केस म्हणतात. बुडाशी मधोमध बसवलेली छोटी टोपी, म्हणजे प्रायमर. आत दारू, आणि तोंडाशी गोळी. घोडा दाबला की पिन टोपीवर आपटते, टोपीची ठिणगी दारूत जाते, दारू जळून गॅस होतो, गॅस गोळीला ढकलतो. टोपी गेली, दारू गेली, गोळी गेली, उरली काय तर पितळी केस. आणि सगळ्यात महाग भाग बहुतेक वेळा तीच असते, म्हणून तिकडचे नेमबाज म्हणतात, फेकायची कशाला, परत भरू. त्यालाच रीलोडिंग म्हणतात.

आता केस पितळेचीच का, हे मला फार आवडतं म्हणून इथं जरा थांबतो. साधारण 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. बार उडतो त्या क्षणी आतल्या दाबानं केस फुगते, चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि गॅस मागं तोंडावर येऊ देत नाही, मग दाब उतरला की किंचित आत येते म्हणून तर ती सहज बाहेर निघते. पण पूर्ववत होत नाही, थोडी फुगलेलीच राहते, म्हणून रीलोडिंगवाले आधी तिला डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मापात आणतात. अशी फुगव, दाब, फुगव, दाब केली की पितळ कडक होतं आणि एक दिवस तोंडाशी चीर पडते. हे भंडाऱ्याच्या भांडी करणाऱ्या कारागिराला सांगायची गरजच नाही बाप्पा, तो पिढ्यान्‌पिढ्या पितळ ठोकतोय, ठोकून कडक झालं की भट्टीत तापवून मऊ करायचं हे त्याला लहानपणापासून माहीत. तिकडचे लोक केसच्या तोंडाला आच देतात ती याच कारणानं.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाकतो. पॅरिसला 2024 मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, ती पॉइंट टू टू रायफल. तिच्या काडतुसात वेगळी टोपी नसतेच, पेटणारा मसाला केसच्या काठातच भरलेला असतो आणि पिन काठावर आपटून तो काठ चेपते. म्हणजे ती केस एकदा उडाली की संपली. तेव्हा ऑलिम्पिकच्या तयारीसाठी रीलोडिंग लागतं असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, रायफलवाले कारखान्यातून आलेल्या वेगवेगळ्या लॉट्स आपल्या बॅरलमधून टेस्ट करतात आणि ज्याचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पसारा, लहान येतो तो लॉट साठवतात.

मग तिकडे लोक भरतात कशाला? एक तर खर्च. दुसरं म्हणजे, लांबच्या अंतरावर प्रत्येक गोळी सारख्याच वेगानं निघायला हवी, आणि आपल्याच बॅरलला मानवेल असं काडतूस दुकानात मिळेलच असं नाही. ते दारू ग्रेनमध्ये मोजतात. आपल्या इतवारीच्या सराफ्यात जुने लोक अजून गुंज म्हणतात न, तर एक ग्रेन म्हणजे जवळपास अर्धी गुंज, 0.065 ग्रॅम. इतकुशा फरकानंही दाब बदलतो. फोनवर बोलता बोलता एका केसमध्ये दोनदा दारू पडली तर बंदूक हातात फुटू शकते, आणि पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोरानं गोळी बॅरलमध्ये अर्ध्यात अडकते, मग मागून दुसरी झाडली की संपलं. म्हणून ते लोक एका वेळी टेबलावर एकाच जातीची दारू ठेवतात, टीव्ही बंद, गप्पा बंद, आणि प्रत्येक बॅच वहीत लिहितात.

हे सगळं तिकडचं. आता आपलं.

आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे. कलम 5 सांगतं की परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवायचा नाही, आणि बंदूक बाळगायचं लायसन्स हे बनवायचं लायसन्स नाही, दोन्ही वेगळे. लोकांना धक्का बसतो तो पुढच्या गोष्टीनं. दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री धरलेली आहे, म्हणजे दारूचा कणही घरात नसताना नुसती प्रेस, म्हणजे काडतूस भरायचं दाबयंत्र, मागवली तरी तुम्ही गोत्यात. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याला कमीत कमी 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आणि दारूचा म्हणाल तर स्फोटकांचं नियमन करणाऱ्या पेसोचं मुख्यालयच आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे, अख्ख्या देशाच्या फायली इथं येतात. अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी इथलीच, पुण्याजवळ खडकीची दारूगोळ्याची फॅक्टरी तर 1869 पासूनची. हे काम कुठं व्हायला पाहिजे ते नागपूरकराला दुसऱ्यानं सांगावं लागू नये.

त्या पोराला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. मग त्याला घरी घेऊन आलो. बस म्हटलं इथं.

हे माझं टेबल. काच, दिवा, सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल तराजू, आणि हा 4.5 मिलिमीटरच्या छर्र्यांचा डबा. एअर रायफलला 20 ज्यूलपर्यंत आणि पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंच, म्हणजे याच 4.5 मिलिमीटर बोअरपर्यंत लायसन्स लागत नाही, आमची मॅचची रायफल सात-आठ ज्यूलच्या आसपास असते. एकेक छर्रा काढायचा, काचेवर हलकेच लोळवायचा. स्कर्ट म्हणजे मागची पातळ कड गोल असेल तर तो एकसारखं वळण घेत जातो, चेपली असेल तर असा, बघा, लंगडतो. लंगडा बाजूला. मग वजन. 0.53 ग्रॅम, 0.53, 0.53, हा 0.52, तो वेगळ्या झाकणात. 10 मीटरवरचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा आहे, तिथं हा आळस चालत नाही.

मला हे अक्कलखाती शिकावं लागलं. एका मॅचच्या आदल्या रात्री उरलेले दोन डबे मी एकात ओतले, छर्र्यांच्या डोक्याचं माप वेगळं होतं, एक 4.49 आणि एक 4.50 मिलिमीटर, लेबल बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी 60 शॉट, सव्वा तास, आणि मी सारखी साइट, म्हणजे नेम धरायची दुर्बीणवजा खूण, फिरवत बसलो, श्वास चुकतोय का ट्रिगर चुकतोय काही कळेना, घरी येऊन डबा पाहिला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून प्रत्येक डब्याचा लॉट नंबर, डोक्याचं माप, तारीख आणि त्या दिवशीचा ग्रुप या वहीत.

पोरगं दोन तास मान खाली घालून बसलं. उठताना समोसा उचलायला गेलं तर मी हात धरला, आधी साबणानं हात धू, हे शिसं आहे, पोटात जाता कामा नये. पाचशेच्या डब्यातून त्यानं एकोणीस बाजूला काढले होते, त्यातले चार मी ठीक म्हणून पुन्हा डब्यात टाकले तर त्यानं ते परत काढून काचेवर लोळवले, आणि दोन खरंच लंगडे निघाले.