सतराव्या किलोमीटरवर

[दृश्य: पहाटेआधीचा अंधार. हेडलॅम्पच्या उजेडात फक्त दोन हात दिसतात. झुडपाच्या फांदीला केशरी रिबन बांधली जातेय. मागे रातकिडे.]

रिबन बांधायचीही रीत असते. डोळ्यांच्या उंचीला बांधायची, होता होईल तो वाटेच्या एकाच बाजूला, आणि टोक लोंबतं सोडायचं. वारा आला की टोक हलतं, मग मान खाली घालून पळणाऱ्याचंही लक्ष जातं. वळणावर तीन रिबनी. चुकीच्या वाटेच्या तोंडावर आडवी पट्टी. आणि वळण घेऊन पन्नासेक पावलं गेल्यावर अजून एक. हिला आम्ही ‘खात्रीची रिबन’ म्हणतो. तिथे वाट एकच असते, चुकायला जागाच नसते. तरी बांधायची. वळून आलेल्या माणसाच्या पोटात पन्नास पावलं गोळा असतो, तो तिथे विरघळतो.

पिशवीत मोजून २१० रिबनी आहेत. संध्याकाळी २१० परत यायला हव्यात.

मी या ट्रेल रनिंग, म्हणजे डोंगरवाटांवर पळायच्या शर्यतींच्या मालिकेची ॲम्बॅसेडर आहे. बिनपगारी, हौशी. मराठीत ‘सदिच्छादूत’ म्हणायची पद्धत आहे, पण तो शब्द ऐकला की हारतुरे आणि फीत कापायची कात्री डोळ्यांपुढे येते. माझ्या हातात कात्री असते, ती रिबनी कापायची.

[दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर भरलेला अर्ज. कर्सर एका रिकाम्या चौकटीत लुकलुकतोय.]

ॲम्बॅसेडर व्हायचं तर अर्ज करावा लागतो. बहुतेक मालिकांचा तो वर्षातून एकदा निघतो, हंगाम संपला की. आमच्या कुठल्या शर्यती पळलात, सोशल मीडियावर कुठे असता, तुमच्या ओळखीत पळणारे किती, आणि आम्ही तुम्हालाच का घ्यावं? निवड झाली तर एकदोन शर्यतींचा प्रवेश मोफत, एक टीशर्ट, मित्रमंडळींत वाटायला सवलतीचा कोड. त्याबदल्यात वर्षातून निदान एका शर्यतीला दिवसभर स्वयंसेवा, बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबर वाटायच्या टेबलावर बसणं, नवख्यांना घेऊन सरावाला जाणं, आणि मालिकेबद्दल चार लोकांत बोलत राहणं.

पहिल्या वर्षी मी त्या शेवटच्या चौकटीत माझ्या टायमिंगची यादी दिली होती. दहा किलोमीटर इतक्यात, हाफ मॅरेथॉन तितक्यात. आता दुसऱ्यांचे अर्ज वाचायला मीही बसते, तेव्हा सांगते, टायमिंग कुणी बघत नाही. रात्री साडेदहाला अनोळखी माणसानं ‘बूट ओले झाले तर काय करायचं?’ असं विचारलं तर हा माणूस उत्तर देईल का, एवढंच आम्ही शोधत असतो.

[दृश्य: जुन्या धाटणीचं रेखाचित्र. डोंगरातली अरुंद वाट, एक घोडेस्वार, त्याच्या मागे एक धावणारा.]

हा खेळ पहिल्यापासून फुकट राबणाऱ्यांच्या जिवावर उभा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत घोड्यांची शंभर मैलांची एक शर्यत होते, टेव्हिस कप. गॉर्डी एन्सली नावाचा एक जण त्यात घोड्यावर बसून भाग घ्यायचा. १९७३ साली वाटेत घोडा लंगडला आणि त्याला माघार घ्यावी लागली. १९७४ साली तो घोड्याशिवायच उभा राहिला आणि ते सगळं अंतर पायांनी पार करून २३ तास ४२ मिनिटांनी पोचला. त्यातून वेस्टर्न स्टेट्स ही शंभर मैलांची शर्यत निघाली. आज तिथे धावणारे पावणेचारशेच्या आसपास असतात आणि स्वयंसेवक दीड हजाराच्या घरात. म्हणजे एका धावणाऱ्यामागे चार जण. अमेरिकेतल्या काही शंभर मैली शर्यतींना तर आधी आठ तास श्रमदान करून आल्याचा दाखला द्यावा लागतो, वाट दुरुस्त करा नाहीतर दुसऱ्यांच्या शर्यतीत पाणी भरा. त्याशिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभं करत नाहीत. मला हा नियम फार आवडतो. सगळीकडे लावला तर निम्म्या तक्रारी आपोआप बंद होतील.

त्याच वेस्टर्न स्टेट्सला २०१५ साली गुनहिल्ड स्वॉन्सन नावाच्या सत्तर वर्षांच्या बाई पळत होत्या. वेळेची मर्यादा तीस तास. वाटेत त्या रस्ता चुकल्या, तीनेक मैल जास्तीचे पडले. शेवटच्या टप्प्यात त्यांच्या सोबतीला आला रॉब क्रार, त्या वर्षीचा विजेता. स्वतःची शर्यत कधीच संपवून, पायात साध्या चपला घालून तो बाईंच्या बाजूने पळत होता. त्या पोचल्या २९ तास ५९ मिनिटं ५४ सेकंदांनी. सहा सेकंद राखून. विजेत्याची वेळ किती होती ते मला बघावं लागेल. हे ५४ सेकंद मात्र पाठ आहेत.

[दृश्य: चेकपॉइंट. टेबल, पाण्याचे कॅन, एक मोठं घड्याळ. निवेदिका पाठमोरी.]

आता माझी गोष्ट. ॲम्बॅसेडर म्हणून पहिलंच वर्ष, अंगात उत्साह मावत नव्हता. नवीन शर्यत जाहीर झाली, २५ किलोमीटर. मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘फक्त पंचवीस! हाफ मॅरेथॉन केली असेल तर अगदी सोपी. या सगळे.’ खाली कोड.

खोटं काही नव्हतं त्यात. फक्त १३०० मीटरची चढाई लिहायची राहून गेली होती.

शर्यतीच्या दिवशी माझी ड्यूटी सतराव्या किलोमीटरच्या चेकपॉइंटवर होती. कटऑफ तीन तास पंचेचाळीस मिनिटं. त्यानंतर येणाऱ्याला थांबवायचं, बिबवरची वेळ मोजायची चिप काढून घ्यायची, नाव लिहून गाडीच्या वाटेनं खाली पाठवायचं. काम सोपं वाटतं, पण ते करताना कुणाच्या डोळ्यांत बघवत नाही.

तीन तास एकोणपन्नास मिनिटांनी एक बाई आल्या. ढोपरापर्यंत चिखल, एका तळव्याची साल निघालेली. घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ओळखलं. फोटोमुळे.

“ताई, तुम्हीच लिहिलं होतंत ना, सोपी आहे म्हणून?”

आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या. अडीच तासांत हाफ मॅरेथॉन पूर्ण केलेल्या बाई. चार महिने सराव केलेला, सगळा सपाट रस्त्यावर. मी त्यांना विचारलं होतं का, घराजवळ एखादा चढ आहे का? नव्हतं विचारलं. त्यांनी कोड वापरला, मला बरं वाटलं, विषय संपला होता.

चिप काढताना माझी नखं त्या क्लिपमध्ये अडकत होती. शेवटी त्यांनीच ती काढून माझ्या तळहातावर ठेवली.

[दृश्य: कागदावर पेन्सिलीनं आकडेमोड. चढउताराचा एक आलेख, करवतीच्या दातांसारखा.]

त्या रात्री मी हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग असोसिएशन, म्हणजे इट्रा, अंतर आणि चढ एकत्र मोजायला एक सोपं माप वापरते. दर शंभर मीटर चढाईला एक किलोमीटर वाढवायचा. पंचवीस किलोमीटर आणि तेराशे मीटर चढ, म्हणजे अडतीस. मी ‘फक्त पंचवीस’ म्हणून ज्यांना बोलावलं, त्या बाई अडतीसचं काम करायला आल्या होत्या. त्यातही वाटेवरचे दगड, मुळं आणि निसरडा उतार धरलेलाच नाही. आणि मांड्या जातात त्या उतारावर. चढावर दम जातो, तो पाच मिनिटं थांबलं की परत येतो. उतारावर गेलेल्या मांड्या त्या दिवशी परत येत नाहीत.

याहून जुनं माप आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं ते १८९२ साली मांडलं, आणि ते चालणाऱ्यांसाठी आहे. तासाला तीन मैल, वर दर दोन हजार फूट चढाईला एक तास जादा. आमच्या शर्यतीला लावून बघितलं, तर सात तासांच्या वर जातात. शर्यतीची मर्यादा साडेपाच. म्हणजे ‘नाही पळता आलं तर चालू की’ हा जो धीर मी सगळ्यांना देत होते, तोही पोकळच होता.

[दृश्य: टेबलाच्या दोन बाजूंना दोघं. मधे नकाशा पसरलेला.]

मी रेस डायरेक्टरकडे गेले. म्हटलं, माहितीपत्रात अंतराच्या शेजारी चढाई छापा, त्याच आकाराच्या अक्षरात. तो नकाशावरून मान वर न करता म्हणाला, “अगं, एवढा मोठा आकडा बघून निम्मे लोक पळून जातील.”

“जाऊ देत की. सतराव्या किलोमीटरवरून मी परत पाठवते, त्यापेक्षा बरं.”

तो हसला नाही. पुढच्या वर्षी चढाई छापली, पण अक्षर बारीक. त्यापुढच्या वर्षी थोडं मोठं. माझा लढा अजून चालू आहे.

तिथे मला या कामाचा अर्थ लागला. आपल्याकडे शिष्टाई हा जुना शब्द आहे. शिष्टाईला गेलेला माणूस एकीकडचा निरोप दुसरीकडे टाकून मोकळा होत नाही, उत्तर घेऊन परत येतो. आयोजकांचा निरोप धावणाऱ्यांपर्यंत नेणारे पुष्कळ असतात. धावणाऱ्यांचं म्हणणं आयोजकांकडे नेणारा मिळणं अवघड, कारण त्यात मोफत प्रवेश धोक्यात येतो.

[दृश्य: जमिनीवर मांडलेलं सामान. हलकं जॅकेट, शिटी, हेडलॅम्प, चंदेरी बचाव-ब्लँकेट.]

सगळ्यात जास्त वाद होतो या जॅकेटवरून. ऊन असतं, ‘ही दोनशे ग्रॅमची कटकट कशाला?’ असं दर शर्यतीला कुणीतरी विचारतं. तेव्हा मी गान्सूचं सांगते. चीनमधला गान्सू प्रांत, २२ मे २०२१, शंभर किलोमीटरची शर्यत. १७२ जण निघाले. उंचावर असताना हवा अचानक फिरली, गारा, बर्फगार पाऊस, झोडपणारा वारा. अंगात पातळ कपडे. वारा अडवणारं जॅकेट त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं. २१ जण गेले, त्यांत त्या देशातले नावाजलेले धावपटूही होते. सहा जण वाचले, कारण एका मेंढपाळानं त्यांना गुहेत नेऊन शेकोटीपाशी बसवलं.

एवढं सांगितलं की बहुतेक जण मुकाट्यानं जॅकेट भरतात. एखादा तरी म्हणतोच, ‘पण आपल्याकडे असं होत नाही.’ त्याची बॅग मी स्वतः तपासते.

कोडबद्दलही सांगून टाकते. मोफत प्रवेश घेऊन शर्यतीचं कौतुक करायचं, तर प्रवेश मोफत मिळालाय हे त्याच पोस्टमध्ये लिहायचं. बऱ्याच देशांत तसा नियमच आहे. पण नियम नसता तरी लिहावं. वाचणाऱ्याला कळू दे, की हिचं मीठ कुणाकडचं आहे.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. मेसेज येतोय, टाइप होतंय अशी तीन टिंबं.]

आता कुणी ‘शर्यतीला येऊ का?’ असं विचारलं, की मी आधी तीन प्रश्न विचारते. सरावाला चढ आहे का? नसेल तर जिना आहे का, किती मजल्यांचा? आणि याआधी कधी वाट चुकला आहात का? तिसऱ्या प्रश्नावर लोक गोंधळतात. पण ‘हो, चुकलोय’ म्हणणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. त्याला थांबून मागे वळायचं माहीत असतं.

पुष्कळांना मी सांगते, यंदा पंचवीस नको, बारा करा. त्यातले काही जण नाराज होऊन दुसऱ्या शर्यतीला जातात. माझ्या कोडवर होणाऱ्या नोंदण्या दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षापेक्षा कमी झाल्या. पुढच्या अर्जात तोही आकडा मी लिहिला, आणि त्या बाईंचा प्रसंगही. तरी घेतलं मला परत. की म्हणूनच घेतलं, ते विचारायचं धाडस अजून केलेलं नाही.

[दृश्य: संध्याकाळ. वाटेवर कुणी नाही. दोन स्वयंसेवक मागून येतायत, खांद्याला पिशव्या.]

शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे स्वीपर चालतात. बक्षीस समारंभ तिकडे सुरू असतो, लाउडस्पीकरवरची नावं वाऱ्याबरोबर तुटक तुटक ऐकू येतात. आम्ही इकडे रिबनी सोडवत, धावताना खायच्या एनर्जी जेलची रिकामी पाकिटं वेचत उतरतो. सकाळी घाईत मारलेल्या गाठी संध्याकाळी सुटता सुटत नाहीत. नखं दुखतात. खात्रीची रिबन सोडवताना एकदा मागे बघायचं, खरंच सगळे पुढे गेलेत ना.

[दृश्य: ताडपत्रीवर रिबनींचा ढीग. हेडलॅम्पच्या उजेडात दोघं दहा-दहाच्या जुड्या बांधतायत.]

वीस जुड्या झाल्या. वर सात.

दोनशे सात.

माझा जोडीदार म्हणतो, “तीनच तर आहेत. वारा घेऊन गेला असेल.”

वळणावर तीन बांधतो आपण. म्हणजे कुठलंतरी एक अख्खं वळण राहिलंय. ओढ्याच्या वरचं असावं, तिथे उतरताना आम्ही बोलत होतो.

त्यानं पाण्याची बाटली भरली. मी हेडलॅम्पची बॅटरी बदलली.

[दृश्य: दोन उजेड परत चढाला लागलेले. हळूहळू लहान होत जातात.]