इथे उंदराचं नाव काढायचं नाही! मॅन बेटावरच्या पऱ्या, काळा कुत्रा आणि दिल्लीचा मुंगूस

नमस्कार मंडळी! आज जायचंय आयर्लंड आणि ब्रिटनच्या मधल्या समुद्रात, आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावर. ५७२ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा थोडं लहानच, आणि माणसं किती, तर साधारण ८४ हजार. स्वतःची पार्लमेंट आहे, स्वतःची मँक्स भाषा आहे आणि भुतंखेतं म्हणाल तर डझनावारी.

आणि तिथे 'रॅट' म्हणायचं नाही. अजूनही. मुळात ही मच्छीमारांची भानगड, होडीवर असताना काही प्राण्यांची नावं घेतली की अपशकुन, आता मात्र ऑफिसात बसणारी माणसंसुद्धा 'लाँगटेल' म्हणतात, आणि चुकून शब्द गेलाच तोंडातून तर लाकडाला हात लावतात नाहीतर शिट्टी मारतात. हसू नका हां, आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडं' नाहीतर 'जनावर' म्हणणारी आजी प्रत्येकाच्या घरात असते.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवत होती. आपण अंधश्रद्धा म्हटलं की भीती, लिंबू-मिरची, कोंबडं असलं काहीतरी डोक्यात आणतो, पण या बेटावरचा मामला जास्त करून रीतभात पाळण्याचा आहे. शेजाऱ्याशी जसं नीट वागतो ना, तसंच भुताशी.

(स्क्रीनवर फेअरी ब्रिजचा फोटो)

हा बघा फेअरी ब्रिज. डग्लसहून कॅसलटाउनला जाणाऱ्या रस्त्यावरचा एवढासा पूल, लक्ष नसेल तर कळणारही नाही कधी ओलांडला ते. पण पुलावरून जाताना पऱ्यांना हॅलो म्हणायचंच, नाहीतर काहीतरी वाईट होतं. आणि त्यांना पऱ्या म्हणणं पण जुन्या लोकांना आवडायचं नाही, 'मूइंजर वेगी' म्हणायचं, म्हणजे छोटी माणसं, किंवा मग नुसतं 'ते'. गंमत म्हणजे तिथे मँक्स भाषेतून बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचं नावसुद्धा मूइंजर वेगीच आहे! एकदम परफेक्ट नाव.

आता बेटावरची टीटी बाइक रेस ऐकली असेल, १९०७ पासून चालू आहे. एक फेरी साधारण ६०.७ किलोमीटरची, ती पण साध्या गावातल्या रस्त्यांवरून, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, आणि आजवर त्या कोर्सवर अडीचशेहून जास्त रायडरांचा जीव गेलाय. फेअरी ब्रिज त्या कोर्सवर येतच नाही, तरी कितीतरी रायडर रेसच्या आधी मुद्दाम वाट वाकडी करून तिथे हॅलो म्हणून येतात. ताशी तीनशेच्या आसपास गाडी पळवणारा माणूस पुलाला नमस्कार घालतो याचं मला तरी काही नवल वाटत नाही, फुकटात होतंय तर घाला बाबा.

टीटीच्या रस्त्याला लागूनच ग्रीबा डोंगराच्या पायथ्याशी सेंट ट्रिनियन्स नावाचं पडकं चर्च आहे, त्याला छप्पर नाही. का नाही? तर डोंगरात राहणाऱ्या बगेनला, म्हणजे केसाळ राक्षसाला, चर्चच्या घंटेचा त्रास व्हायचा. घातलं छप्पर की रात्रीत हा उचकटून टाकणार. मग टिमथी नावाच्या शिंप्याने पैज लावली की मी आत बसून एक विजार शिवून संपवतो. हा शिवतोय आणि बगेन जमिनीतून वर येतोय, आधी डोकं, मग खांदे, माझे दात बघितलेस का, माझी नखं बघितलीस का म्हणत, आणि शिंपी मान वर न करता हो हो बघतोय म्हणत टाके घालतोय. शेवटचा टाका पडला, हा खिडकीतून उडी मारून पळाला, मागे छप्पर कोसळलं. शिंपी दुसऱ्या चर्चच्या आवारात शिरला, तिथे राक्षसाला पाय ठेवता येईना, मग रागाच्या भरात त्याने स्वतःचंच मुंडकं उपटून फेकून मारलं! मुंडकं! असा राग मी कुठल्याच भूतकथेत पाहिला नाही.

पील किल्ल्यातला मॉडी डू मात्र शांत. काळा, झुपकेदार केसांचा कुत्रा, रोज रात्री पहारेकऱ्यांच्या खोलीत शेकोटीपुढे येऊन बसायचा. जॉर्ज वॉल्ड्रन नावाच्या माणसाने अठराव्या शतकात हे लिहून ठेवलंय. सैनिक त्याच्यासमोर शिव्या द्यायचे बंद झाले, रात्री दाराच्या चाव्या कप्तानाकडे पोचवायला जोडीने जायला लागले. एकदा एक जण दारू पिऊन म्हणाला मी एकटाच जातो, कुत्रा आहे की सैतान बघतोच आता. परत आला तो वाचा गेलेला, तीन दिवसांत मेला. नंतर ती वाटच बुजवून टाकली.

आणि आता आपला माणूस, सॉरी, आपला मुंगूस. १९३१ साली डॅल्बी गावाजवळच्या एका एकट्या शेतघरात अर्व्हिंग कुटुंबाला भिंतीमागून आवाज यायला लागले. आवाज बोलायला लागला. नाव सांगितलं गेफ, जात मुंगूस, जन्म ७ जून १८५२, नवी दिल्ली! गावातल्या चहाड्या आणायचा, शिव्या द्यायचा, त्याच्यासाठी बिस्किटं, चॉकलेट, केळी ठेवायचे. रीतभात शून्य. पण मंडळी, १८५२ मध्ये नवी दिल्ली होती कुठे? तिचं उद्घाटन झालं फेब्रुवारी १९३१ मध्ये, म्हणजे पेपरात नाव गाजत होतं त्याच वर्षी गेफ प्रकटला. मला तर इथेच चोर सापडल्यासारखं वाटतं. १९३५ मध्ये हॅरी प्राइस नावाचा तपास करणारा आला, गेफचे म्हणून दिलेले केस तपासले तर ते बहुतेक घरच्याच कुत्र्याचे निघाले.

तरी प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं. प्राइसबरोबर आलेल्या लॅम्बर्ट नावाच्या बीबीसीवाल्याला एकाने 'हा बोलत्या मुंगसावर विश्वास ठेवतो' म्हणून नालायक ठरवलं, लॅम्बर्टने बदनामीचा दावा लावला आणि १९३६ मध्ये साडेसात हजार पौंड जिंकले. त्या घरातली मुलगी व्हॉइरी २००५ मध्ये वारली, शेवटपर्यंत म्हणत होती की मी काही फसवाफसवी केली नाही. त्या केसवर वेगळा व्हिडिओ हवा असेल तर खाली सांगा, मसाला भरपूर आहे.