सीएमएल: एक गुणसूत्र, एक गोळी आणि न संपणारी मोजणी

(रत्नागिरीत तालुक्यांतले डॉक्टर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि वैद्यकीय विद्यार्थी यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

आज एकाच आजाराबद्दल बोलू आणि त्या आजारावर जन्म काढलेल्या एका डॉक्टराबद्दल. आजार क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, रक्ताचा एक कर्करोग. डॉक्टर ब्रायन ड्रुकर, अमेरिकेतल्या ओरेगॉनचे. त्यांची कीर्ती या आजारावरच्या इमॅटिनिब या गोळीमुळे झाली, पण विद्यार्थ्यांनी बघावी ती गोष्ट वेगळी आहे. या माणसाने आयुष्यभर मोजलं, आणि मोजायचं साधन हातात नसेल तर आधी ते तयार केलं.

रक्ताच्या कर्करोगात संशोधकाला एक मोठी सोय मिळते. फुप्फुसातली गाठ दर महिन्याला कापून बघता येत नाही, रक्त मात्र सिरिंजने काढता येतं, पुन्हा पुन्हा. म्हणून गुणसूत्रातला बिघाड आणि कर्करोग यांचा पहिला पक्का संबंध इथेच सापडला. १९६० साली फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की तुकडा हरवलेला नाही. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलले आहेत. त्या जोडावर बीसीआर-एबीएल हा जनुक तयार होतो. त्याचं प्रथिन टायरोसिन कायनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं. एरवी असं कायनेज गरजेपुरतं चालतं, हे मात्र थांबतच नाही.

ड्रुकर बॉस्टनला कर्करोगतज्ज्ञ म्हणून शिकले आणि मग प्रयोगशाळेत बसले. फॉस्फेट चिकटलेलं टायरोसिन ओळखणारी ४जी१० ही अँटिबॉडी तयार करण्यात त्यांचा वाटा होता. कायनेज किती चालू आहे हे तिच्यामुळे मोजता येऊ लागलं. १९९३ साली ते पोर्टलंडला गेले आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा-गायगी या औषध कंपनीतल्या निकोलस लायडन यांच्याकडून कायनेज रोखणारी रसायनं मागवली. त्यातल्या एकाने सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींच्या बीसीआर-एबीएल असलेल्या वसाहती, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले पुंजके, ९२ ते ९८ टक्क्यांनी कमी केल्या आणि निरोगी पेशींच्या वसाहतींना हात लावला नाही. हा निबंध १९९६ चा. माझ्या मते त्यात मोलाचा आहे तो दुसरा, निरोगी पेशींचा आकडा. पेशी मारणारी रसायनं ढीगभर मिळतात. कोणाला सोडलं, तेही मोजावं लागतं.

तेच रसायन म्हणजे इमॅटिनिब. जून १९९८ मध्ये माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली ती २५ मिलिग्रॅमपासून, ज्यांच्यावर इंटरफेरॉन हे तेव्हाचं नेहमीचं औषध चाललं नव्हतं अशा रुग्णांत. डोस टप्प्याटप्प्याने १००० पर्यंत गेला. ३०० किंवा त्याहून जास्त घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्ताचे आकडे पूर्ववत झाले, बहुतेकांचे पहिल्या चार आठवड्यांत. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पाठोपाठच्या आयरिस चाचणीत १,१०६ रुग्ण होते, अर्धे ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिबवर, अर्धे इंटरफेरॉन आणि सायटाराबिन या जुन्या औषधांवर. १८ महिन्यांनी गुणसूत्राचा दोष तपासणीत पूर्ण नाहीसा झालेले पहिल्या गटात ७६ टक्के होते, दुसऱ्यात साडेचौदा. इमॅटिनिबच्या गटात दहा वर्षांनी ८३ टक्के हयात होते.

आपल्याकडे ही गोळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती देशी कंपन्यांमुळे. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) वरचा, या औषधाचं पेटंट नाकारणारा सर्वोच्च न्यायालयाचा १ एप्रिल २०१३ चा निकाल तुम्हाला माहीतच असेल. त्यावर आज वेळ घालवत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. पाश्चात्त्य देशांत हा आजार साठीच्या आसपासचा, भारतात मात्र पस्तीस-चाळिशीतला. डाव्या बरगडीखाली जडपणा, थोडं खाल्लं की पोट भरतं, वजन उतरतं. पोटाला हात लावला तर पानथरी मोठी. पावसाळ्यात इथे मोठी पानथरी म्हटलं की आधी मलेरिया डोक्यात येतो, आणि ते बरोबरच आहे. पण ताप नाही, पानथरी बेंबीपर्यंत आलेली आणि पांढऱ्या पेशी लाखाच्या वर, असं असेल तर रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघा. सीएमएलमध्ये मायलोसाइट या अपक्व पांढऱ्या पेशीपासून पक्व न्यूट्रोफिलपर्यंत सगळ्या पायऱ्या एकाच स्लाइडवर दिसतात आणि बेसोफिल हा एरवी विरळ असणारा पांढऱ्या पेशींचा प्रकार वाढलेला असतो. जंतुसंसर्गाने पेशी वाढल्या असतील तर बेसोफिल वाढत नाहीत. मशीनने लिहिलेल्या वर्गवारीवर इथे विसंबू नका, शंभर पेशी हाताने मोजा.

त्या स्लाइडचंच बघा. जून ते सप्टेंबर आपल्या हवेतला दमटपणा दोन ठिकाणी नडतो. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर, लवकर सुकत नाही आणि तो काचेवर पक्का (फिक्स) करणारं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. ओलसर मिथेनॉलने फिक्स केलं की लाल पेशींत चकाकणारी वर्तुळं आणि पोकळ्या दिसतात, केंद्रकांची कड पुसट होते, आणि मग ब्लास्ट (सर्वांत अपक्व पेशी) की मायलोसाइट यावर वाद. उपाय साधे आहेत. स्मिअर काढताक्षणी पंख्याखाली सुकवा. मोठी बाटली रोज उघडू नका, आठवड्यापुरतं मिथेनॉल किंवा लीशमन हा पेशी रंगवायचा रंग छोट्या, घट्ट बुचाच्या बाटलीत काढा. लीशमन दोन मिनिटं, मग त्याच्या दुप्पट बफर, पीएच ६.८, आठ ते दहा मिनिटं. विहिरीचं किंवा नळाचं पाणी बफर म्हणून वापरलं तर रंग निळा किंवा लाल कलतो आणि बेसोफिलचे दाणे ओळखू येत नाहीत.

अशा रुग्णाचे बाकीचे रिपोर्टही फसवतात. पेशी दोन-अडीच लाख असतील तर नळीत त्या साखर खात राहतात, म्हणून उशिरा तपासलेली साखर खोटी कमी येते. पेशी फुटून पोटॅशियम खोटं वाढतं. ईसीजी व्यवस्थित आणि पोटॅशियम सात, तर रुग्णावर उपचार करण्याआधी नमुना पुन्हा घ्या आणि लगेच लावा.

निदान पक्कं करायला दोन नळ्या लागतात आणि घोळ होतो तो इथेच. रक्त गोठू नये म्हणून दोन्हींत वेगवेगळं रसायन असतं. गुणसूत्रांच्या तपासणीला हेपॅरिनची, हिरव्या बुचाची. पेशी जिवंत हव्यात, त्यामुळे बर्फ नाही. पीसीआरला, म्हणजे बीसीआर-एबीएलच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीला, ईडीटीएची, जांभळ्या बुचाची. हेपॅरिन पीसीआरची अभिक्रियाच रोखतं. पहिल्या वेळी जनुकाचा जोड नेमका कुठल्या प्रकारचा आहे हे लिहून घ्या. वेगळ्या जोडाचे थोडे रुग्ण असतात. त्यांची नेहमीची पीसीआर शून्य येते आणि सगळे खूश होतात, आजार मात्र तसाच असतो.

उपचार सुरू झाल्यावर आंतरराष्ट्रीय मापपट्टीवर बीसीआर-एबीएल तीन महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांनी १, बारा महिन्यांनी ०.१ हवं. शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत पाठवा. मुंबईच्या टाटाचा एक रिपोर्ट, गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाचा एक, खाजगी लॅबचा एक, असे शेजारी ठेवून चढउतार वाचायला जाऊ नका.

आकडा उतरत नसेल तर उत्परिवर्तनाचा, म्हणजे औषध चालू न देणाऱ्या जनुकातल्या बदलाचा, विचार करण्याआधी गोळ्या मोजा. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या संशोधकांनी औषधाच्या बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र बसवून ८७ रुग्णांचं पाहिलं. ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत ०.१ टक्क्यापर्यंत पोचण्याची शक्यता ९४.५ टक्के होती. ९० किंवा कमी घेणाऱ्यांत २८. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की माणूस त्या दुसऱ्या गटात गेला. गणपतीत पाहुणे, भातलावणीचे दिवस, मुंबईहून औषध यायला उशीर, इतकं पुरतं. गोळी भरल्या पोटी, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची. उपाशी घेतली की मळमळ होते आणि रुग्ण आपणहून सोडतो. डोळ्यांभोवती सूज आणि पोटऱ्यांत गोळे येतात, हे आधीच सांगून ठेवा. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन चालू झालं तर इमॅटिनिबची रक्तातली पातळी खूप घसरते. आपल्याकडे हा योग दुर्मीळ नाही, आणि टीबीची गोळी देणाऱ्याला दुसऱ्या गोळीचा पत्ताच नसतो.

गोळ्या नीट चालू असूनही आकडा चढला, तर उत्परिवर्तन शोधायचं. अमेरिकेतल्या चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने २००१ मध्ये टी३१५आय हे उत्परिवर्तन दाखवलं. त्यावर डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब ही इमॅटिनिबनंतरची औषधंही चालत नाहीत, पोनॅटिनिब चालतं. ड्रुकर, लायडन आणि सॉयर्स यांना २००९ चा लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा पुरस्कार एकत्र मिळाला तो या सगळ्या साखळीसाठी.

शेवटचा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात: गोळी बंद कधी? फ्रान्समधल्या चाचणीत किमान दोन वर्षं आजार पीसीआरमध्ये न दिसलेल्या १०० जणांनी इमॅटिनिब थांबवलं. सुमारे ४० टक्के औषधाविना राहिले. बाकीच्यांत आजार परतला तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी पुन्हा दिल्यावर तो सहसा आटोक्यात आला. पण ती माणसं दर महिन्याला पीसीआर करत होती. देवगड किंवा गुहागरच्या रुग्णाला निदान पहिले सहा महिने दरमहा नमुना पाठवणं जमणार नसेल, तर गोळी थांबवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जमणार असेल तर नमुना सोमवार ते बुधवार काढा, जेल पॅक नळीला थेट चिकटू देऊ नका, गोठवू नका, आणि २४ तासांत, फार तर ४८ तासांत लॅबमध्ये पोचेल असं बघा. शुक्रवारी संध्याकाळी काढलेला नमुना रविवारभर कुरियरच्या गोदामात पडून राहतो, पीसीआर ज्यावर चालते ते आरएनए तुटतं, आणि सोमवारी येणारं शून्य वाचण्यासारखं नसतं. म्हणून रिपोर्टमध्ये एबीएल या नियंत्रक जनुकाच्या प्रती बघा. त्या दहा हजारांच्या खाली असतील तर नमुना परत मागवा.