मण्यारीची रात्र

(बाँडच्या, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर रुजू होणाऱ्या नव्या डॉक्टरांपुढे दिलेलं व्याख्यान)

आयोजकांनी विषय दिलाय, ‘दुर्गम भागातली तातडीची सेवा आणि डॉक्टरांचं स्वास्थ्य’. आमच्या वेळी यातल्या दुसऱ्या अर्ध्यावर बोलायला कुणी बोलावलं असतं तर मी हसलो असतो. डॉक्टरला कसलं आलंय स्वास्थ्य! पण तुम्ही लवकरच पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होणार, तेव्हा एका रात्रीपासूनच सुरुवात करतो.

जुलै १९९६. रायगडातलं डोंगरातलं एक आरोग्य केंद्र. पहाटे तीनला बारा वर्षांच्या एका मुलीला डोलीतून आणलं. पोटात दुखतंय आणि एक उलटी झालीय, एवढंच सांगणं. जमिनीवर घोंगडी टाकून झोपली होती. अंगावर खूण नाही, सूज नाही. माझ्या पहिल्या वर्षी मी पोटदुखीचं इंजेक्शन देऊन तिला घरी पाठवलं असतं. पण पावसाळा, रात्र, जमिनीवरची झोप आणि पोटदुखी ही चौकडी जमली की मण्यार हा विषारी साप चावलाय असं धरून चालायचं. मण्यारीचा दात इतका बारीक की चावा कळतही नाही. टॉर्च मारून बघितलं, तर पोरीच्या पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या.

रक्त गोठण्याची चाचणी मण्यारीच्या चाव्यात नॉर्मलच येते. घोणस आणि फुरसं रक्त बिघडवतात, नाग आणि मण्यार मज्जातंतूंच्या मागे लागतात. चाचणी मात्र नीट करा: नव्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. साबणाने धुतलेल्या किंवा प्लास्टिकच्या नळीवर विसंबलात तर निकाल फसवतो आणि सर्पविषावरची लस (एएसव्ही) उगाच खर्ची पडते. आणि लहान मूल आहे म्हणून एएसव्हीचा डोस कमी करू नका. साप माणसाचं वय बघून विष सोडत नाही.

लस सुरू केली, पण तासाभरात श्वास थांबला. व्हेंटिलेटर घाटापलीकडे, आणि घाटात दरड कोसळलेली. मग अँब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी. मी, सिस्टर, शिपाई, ड्रायव्हर आणि मुलीचा बाप असे पाच जण पाळीपाळीने दाबत होतो. बापाला शिकवायला दोन मिनिटं लागली. हात आमच्यापेक्षा बरा चालायचा त्याचा. दुपारी दोनला रस्ता मोकळा झाला. जीपमध्येही बॅग दाबतच नेली. तिकडे ती चार दिवस व्हेंटिलेटरवर होती आणि वाचली.

पंधरा दिवसांनी बापाबरोबर भेटायला आली. मी म्हटलं, “काय गं, आठवतंय का काही?” ती म्हणाली, “डॉक्टर, तुम्ही सिस्टरला म्हणालात, हिचं काही खरं नाही.”

मण्यारीच्या विषाने पापणी हलत नाही, बोट हलत नाही, बुबुळंही प्रकाशाला दाद देईनाशी होतात. माणूस मेल्यासारखा दिसतो. पण ऐकू येत असतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी मी ते वाक्य बोललो, कारण आदल्या दिवशीच्या ओपीडीपासून मी जागा होतो. तुमच्या स्वास्थ्याचा विषय इथे सुरू होतो. झोप न झालेला डॉक्टर वाईट माणूस होत नाही, पण त्याच्या तोंडून काय निघेल याचा भरवसा राहत नाही. डोसाचंही तेच.

आमच्या जिल्ह्यात म्हटलं की डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव निघणारच. १९७६ च्या सुमारास ते महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा कोकणात लाल विंचवाने धडधाकट माणसं दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून बघितलं की माणूस घामाने थबथबतो, हातपाय गार पडतात आणि मग फुप्फुसात पाणी भरून जातो. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरात आणलं आणि मृत्यूंचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. २०२२ साली पद्मश्री मिळाली. या गोष्टीतून लोक ‘एकट्याने झुंजलेला डॉक्टर’ एवढंच उचलतात. मला ते अर्धवट वाटतं. त्यांच्या कितीतरी शोधनिबंधांवर दुसरं नाव त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांचं आहे. रात्रीच्या केसबद्दल सकाळी ज्याच्याशी बोलता येईल असं, ती भाषा कळणारं माणूस घरातच होतं.

माझ्याकडे ते नव्हतं. एकदा घोणस चावलेला तरुण उशिरा आला आणि गेला. नातेवाइकांनी खिडक्या फोडल्या, माझी कॉलर धरली. तेव्हा डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा २०१० चा कायदा नव्हता. आज आहे, पण तक्रार द्यायला जाणार कोण, उद्या त्याच गावात लसीकरण करायचंय. सकाळी नऊला मी ओपीडीत बसलो. वरून फोन आला तो मृत्यूचा अहवाल कधी देता म्हणून. ड्रायव्हर तेवढा चहा घेऊन आला, स्टुलावर बसला आणि काही बोलला नाही. पुढे महिनाभर मी साप चावलेला प्रत्येक पेशंट बघताक्षणी रेफर केला, बिनविषारी सापाचेही. तेव्हा त्याला मी काळजी म्हणत होतो. ती भीती होती.

हल्ली डॉक्टरांसाठी योगाची, ताणमुक्तीची सत्रं असतात. करा, वाईट नाही. पण जागरणानंतर ज्याला कुणी सुट्टी देत नाही, त्याला प्राणायाम शिकवणं म्हणजे आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी. आदिवासी, डोंगरी भागात वीस हजार लोकांमागे एक पीएचसी धरलेलं आहे. तिथली दुसऱ्या एमओची (मेडिकल ऑफिसरची) जागा भरा, रात्र काढलेल्याला सकाळची ओपीडी देऊ नका. हे मागायला लाजू नका, आम्ही लाजलो. फारच कोंडलं तर १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेची हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि रुजू व्हाल त्या दिवशी अँब्यू बॅग कपाटातून काढून दाबून बघा. माझ्या पहिल्या पीएचसीतल्या बॅगेचा व्हॉल्व्ह उंदराने खाल्ला होता.

माझा नंबर आयोजकांकडे आहे. रात्री दोनला लावलात तरी चालेल, या वयात झोप तशीही कमीच असते.